अभिमन्यू आणि राजाराम लिफ्टवाला

राजाराम आमच्या इमारतीत आला की आधी त्याच्या शर्टाच्या खिशाकडे बघायचं. खिशातून चिनी मातीचा पांढरा फ्यूज डोकावत असला तर समजायचं, की लिफ्ट बंद आहे आणि राजाराम तिच्या पोटात कुठेतरी हात घालणार आहे. काम संपेपर्यंत तो फ्यूज कुणालाही मिळत नाही. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी यज्ञेश याने एकदा तो गमतीने मागितला होता. राजारामने खिशावर हात ठेवला आणि चहाचं काय झालं, असं विचारलं.

ही सवय कुठून आली ते त्याने मला एकदाच सांगितलं, तेही मी फारच खोदून विचारल्यावर. पंधरा वर्षांपूर्वी त्याचा जोडीदार आकाश एका इमारतीत लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरला होता. वरच्या मशीनरूममधला फ्यूज काढून त्यांनी पेटीवर ठेवला होता. कुणी एक सज्जन रहिवासी वर गेले, त्यांना फ्यूज पडलेला दिसला. बसवायचा राहून गेला असेल असं समजून ते बसवून आले. आकाशचं पुढे काय झालं ते इथे लिहीत नाही. त्याच्या आईला राजाराम अजून दर बुद्धपौर्णिमेला भेटायला जातो, एवढं पुरे.

माझी आणि राजारामची ओळख जिन्यातली. मी सदतीस वर्षं पौराणिक नाटकांत कामं केली. एक्केचाळिसाव्या वर्षापर्यंत पोट आत ओढून सोळा वर्षांचा अभिमन्यू करत होतो, आणि लोक रडतही होते. आता त्र्याहत्तराव्या वर्षी मुलुंड पूर्वेला सातव्या मजल्यावर राहतो. लिफ्ट दुरुस्तीला निघाली की मी गच्चीच्या जिन्यात बसून राजारामशी गप्पा मारतो. नटाला ऐकणारा माणूस लागतो आणि राजारामचे हात कामात असल्यामुळे त्याला उठून जाता येत नाही.

तो बेचाळीस-त्रेचाळीसचा. वडील परभणीहून विक्रोळीला कारखान्यात कामाला आले, तिथल्याच चाळीत हा जन्मला. आयटीआय केलं आणि तेव्हापासून लिफ्ट. बायको सपना बालवाडीत शिकवते. आई मीराबाई दोन वर्षांपूर्वी गेली. मधुमेहाने अकरा वर्षं आजारी होती, आणि त्या अकरा वर्षांत तिची इंजेक्शनं, तिची पथ्यं सगळं राजाराम बघत होता.

एकदा मी त्याला अभिमन्यूची गोष्ट सांगितली. रंगवून सांगितली, पायरीवर उभा राहून. त्याने ग्रीसचा हात चिंध्यांना पुसला आणि विचारलं, "काका, म्हणजे त्याला आत शिरायचं माहीत होतं, बाहेर यायचं नाही. बरोबर?"

मी म्हटलं, बरोबर.

"आणि हे घरच्या मोठ्यांना ठाऊक होतं?"

"होतं की. त्यानेच सांगितलं होतं त्यांना."

"मग पोराला आत सोडला कुणी? आमच्या धंद्यात असं केलं ना, तर सोडणाऱ्याची नोकरी जाते."

तीनशेच्या वर प्रयोग केले मी. कुणाही प्रेक्षकाने मला हा प्रश्न विचारला नव्हता. मी जरा चिडलोच. म्हटलं, तुझा वीर कोण ते सांग. तर त्याने आईकडून ऐकलेली अंगुलिमालाची गोष्ट सांगितली. बोटांची माळ घालणारा तो दरोडेखोर तलवार उपसून मागे धावतोय, आणि बुद्ध पळत नाहीत, शस्त्र उचलत नाहीत, आपल्या चालीने चालत राहतात. मी म्हटलं, अरे, हे रंगमंचावर दाखवायचं कसं? लोक उठून जातील. राजाराम हसला. म्हणाला, "दाखवायला नाहीच ते काका. करून बघा, कळेल किती अवघड आहे."

हे झालं गेल्या दिवाळीच्या सुमाराला. पुढे सव्वीस जानेवारी आली.

सोसायटीने त्या दिवशी कार्यक्रम ठेवला होता, विषय 'पुराणातले वीर आणि आजचे वीर'. यज्ञेशचीच कल्पना. मुलं राम, हनुमान, सैनिक, डॉक्टर बनून येणार होती. माझं भाषण, शेवटी अभिमन्यूचा एक उतारा. सुरुवातीला रत्नप्रभाबाई नांदी म्हणणार होत्या. माझ्या भाषणात 'असे वीर आता होणे नाही' हे वाक्य तीनदा होतं. मी ते आरशासमोर म्हणूनही बघितलं होतं.

रत्नाबाई आमच्याच इमारतीत सहाव्या मजल्यावर राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या, तरी बावीस वर्षं माझ्या नाटकात कधी माझी उत्तरा, कधी माझी सुभद्रा होऊन उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज म्हणजे काय होता ते आज सांगून पटायचं नाही. माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटायचं, बाई आपल्याशीच बोलतायत. आणि आम्हा जुन्या नटांचा एक रिवाज होता, पडद्यामागे काहीही झालं तरी समोरच्याला कळू द्यायचं नाही. एकदा सांगलीत त्या एकशे तीन तापात तीन अंक गायल्या. विंगेत येऊन कोसळायच्या, पाणी प्यायच्या आणि परत जायच्या. समोर बसलेल्यांना पत्ता नव्हता. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटत आला आहे.

त्या दिवशी पावणेदहाला रत्नाबाई लिफ्टमध्ये बसून खाली निघाल्या आणि लिफ्ट तिसऱ्या नि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबली.

आमची लिफ्ट जुनी, ओढून लावायच्या लोखंडी जाळ्यांची. एक जाळी लिफ्टला, एक प्रत्येक मजल्याला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर धावलो. लिफ्टचा तळ आमच्या छातीच्या उंचीवर अडकला होता. वरच्या अर्ध्या भागात बाईंच्या साडीचे काठ आणि चपला दिसत होत्या. खालच्या अर्ध्या भागात नुसता अंधार, थेट तळमजल्याच्या खालपर्यंत.

"मी ठीक आहे," रत्नाबाई आतून म्हणाल्या. "काळजी करू नका. मुलांना तयार ठेवा."

काय तो आवाज. जिन्यात उभ्या असलेल्या दोघातिघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

यज्ञेशने राजारामला फोन लावला. तो भांडुपला दुसऱ्या लिफ्टवर होता. वीस मिनिटांत येतो म्हणाला. तोवर मशीनरूमचा मेन स्विच पाडा, कुणी जाळी उघडू नका आणि बाईंना बाहेर ओढू नका, एवढं त्याने दोनदा बजावलं.

मेन स्विच पाडायला एकाला गच्चीवर पिटाळलं. दहा मिनिटं आम्ही थांबलो. पण थांबणं आमच्या कुणाच्या अंगातच नाही. आमच्या इमारतीत छत्रीची काडी घालून मजल्यावरची जाळी उघडायची युक्ती सगळ्यांना येते. यज्ञेशने ती उघडली. प्लॅस्टिकचं स्टूल आणलं. तो वर चढणार, लिफ्टची जाळी बाहेरून सरकवणार, बाईंना काठावर बसवणार आणि मी खालून त्यांना धरणार, असं ठरलं. ठरवलं मीच. आवाज चढवून म्हणालो, "जा यज्ञेश, मी आहे पाठीशी." म्हणताना माझी छाती फुगली होती, हे आज कबूल करतो.

यज्ञेशचा एक पाय स्टुलावर होता आणि हात लिफ्टच्या काठावर, तेवढ्यात जिन्यातून राजाराम आला. धापा टाकत होता, पण ओरडला नाही. त्याने मागून यज्ञेशच्या पट्ट्यात बोटं घातली आणि त्याला अलगद खाली घेतलं. मग पायाने स्टूल जरासं ढकललं. स्टुलाचे पुढचे दोन पाय उंबऱ्यापलीकडे गेले, तेव्हा आम्हाला दिसलं की ते कशाच्या काठावर उभं होतं. मी ज्या जागी उभा राहून बाईंना धरणार होतो, ती जागा त्या पोकळीपासून वीतभर लांब होती.

राजारामने जाळी लावून घेतली. मग वर बघून विचारलं, "मावशी, सकाळी काय खाल्लंत?"

मला हा प्रश्न विचित्र वाटला. आतून उत्तर आलं, की नाश्ता खाली सगळ्यांबरोबर करायचा होता ना, उपमा आहे.

"आणि इंजेक्शन?"

"ते घेतलं की. साडेनवाला."

राजारामचा चेहरा बदलला. बाईंना मधुमेह आहे हे मला ठाऊक होतं, जिन्यातल्या गप्पांत मीच ते राजारामला सांगितलं होतं. इन्सुलिन टोचून त्यावर काही खाल्लं नाही की साखर झपाट्याने उतरते, हेही ऐकून माहीत होतं. पण त्या ठीक आहे म्हणत होत्या ना. इतक्या खणखणीत.

"मावशी," राजाराम म्हणाला, "जाळीतून एक हात बाहेर काढा बघू. मला दिसू दे."

"काढते हं."

हात आला नाही. आम्ही सगळे त्या काठाकडे बघत होतो.

"मावशी, हात."

"अरे काढलाय की बाबा," रत्नाबाई म्हणाल्या. स्वर तोच, फेक तीच. जाळीत काहीही नव्हतं. साडीचे काठ मघाशी उभे होते, ते आता जमिनीवर पसरले होते. त्या कधी खाली बसल्या ते आम्हा कुणालाच कळलं नव्हतं. आम्ही आवाज ऐकत होतो.

बावीस वर्षं ज्या बाईबरोबर उभा राहिलो, तिला ओळखायला मीच चुकलो होतो. मला सांगलीची रात्र आठवायला हवी होती. मी टाळ्या ऐकत बसलो.

यज्ञेश पुन्हा जाळीकडे वळला. म्हणाला, एका मिनिटात मी आत शिरतो आणि त्यांच्या तोंडात साखर घालतो. राजाराम त्याच्या आणि जाळीच्या मधे उभा राहिला. त्याने सांगितलं, की लिफ्ट हाताने चाक फिरवून चौथ्या मजल्याला लावायची, पाच मिनिटं लागतील. जिन्यातले सगळे एकदम बोलायला लागले. पाच मिनिटं म्हणजे किती, हे घड्याळ न बघता सगळ्यांना कळत होतं. कुणीतरी म्हणालं, तुझी आई असती तर असा थांबला असतास का? राजारामने त्या दिशेला बघितलंही नाही.

"यज्ञेशभाऊ," तो म्हणाला, "चौथ्या मजल्यावर जाऊन उभे राहा. साखर घट्ट कालवून ठेवा, आणि समोरच्या डॉक्टरीणबाईंना बोलवा. मी वरून सांगेपर्यंत जाळीला हात नाही लावायचा. लावलात तर मी वरचं काम थांबवणार." मग माझ्याकडे वळला. "श्यामकाका, तुम्ही माझ्याबरोबर."

मी? यज्ञेश माझ्या निम्म्या वयाचा, व्यायाम करणारा. मी तसं म्हणालोही. राजाराम जिना चढत चढतच म्हणाला, "मला ताकद नकोय. दुसऱ्याच्या शब्दावर सुरू होणारा आणि शब्दावर थांबणारा माणूस पाहिजे. तुमची जन्मभर तीच नोकरी झाली ना?"

मशीनरूम म्हणजे गच्चीवरची पत्र्याच्या दाराची खोली. मेन स्विच पाडलेला होता, तरी राजारामने फ्यूज उपसून खिशात टाकला. त्या घाईतही. मोटरला एक लोखंडी चाक आहे, आणि बाजूला ब्रेकचा दांडा. दांडा दाबला की ब्रेक सुटतो, लिफ्ट मोकळी होते. आत एकच हलकं माणूस असलं की दोरांच्या दुसऱ्या टोकाला टांगलेलं वजन जड पडतं आणि लिफ्ट आपोआप वर जायला बघते. चाक धरून तिला वीत वीत सोडायचं. दांडा जास्त वेळ दाबलेला राहिला तर चाक हातात राहत नाही. हे सगळं त्याने चार वाक्यांत सांगितलं.

"मी 'घ्या' म्हटलं की दाबा. 'सोडा' म्हटलं की सोडा. मधे विचार करायचा नाही."

मी दांडा धरला.

"घ्या."

चाक कण्हल्यासारखं करून थोडं फिरलं. दोर सरकले.

"सोडा."

खट्. ब्रेक बसला. असं सहा वेळा, सात वेळा. दोरांवर रंगाचे पट्टे मारलेले असतात, प्रत्येक मजल्यासाठी वेगळे; पट्टा मोटरच्या चौकटीवरच्या खुणेशी आला की लिफ्ट त्या मजल्याला लागली. चौथ्याचा पिवळा पट्टा खुणेपासून अजून हातभर लांब होता. राजाराम घाई करत नव्हता. मला त्याचा राग यायला लागला. खाली माझी मैत्रीण विझत होती आणि हा माणूस दोराकडे असा बघत होता, जणू काही बाजारात कापड घ्यायला आलाय.

"घ्या."

मी दाबला. तेवढ्यात दोर खाली जातात त्या फरशीतल्या भोकातून कुणाचीतरी किंकाळी आली, "बाई बोलत नाहीयेत हो." पाठोपाठ चारपाच जणांचा गलका. मी भोकाकडे वळलो.

"सोडा."

ऐकलं. पण हात सुटला नाही. श्वासाएवढाच उशीर झाला असेल. चाक राजारामच्या हातातून गरकन फिरलं. त्याने मनगट आणि छाती दोन्ही त्याच्यावर दाबली. कातडं सोललेलं मला दिसलं.

"सोडा," तो पुन्हा म्हणाला. स्वर आधीचाच, ना वर ना खाली.

मी सोडलं. पिवळा पट्टा खुणेच्या थोडा पलीकडे गेला होता. राजारामने मनगट पँटला पुसलं, चाक उलट्या बाजूला धरलं. त्या क्षणी त्याने मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

"घ्या."

या वेळी मी डोळे मिटून घेतले. खालचा गलका ऐकू येत होता, तो येऊ दिला. फक्त राजारामच्या शब्दाची वाट बघितली. आयुष्यात इतकी मोठी भूमिका मी केलेली नाही, आणि तीत मला एकही वाक्य नव्हतं.

"सोडा." मग भोकातून खाली, "यज्ञेशभाऊ, उघडा."

आम्ही खाली पोचलो तेव्हा रत्नाबाई चौथ्या मजल्याच्या फरशीवर यज्ञेशच्या मांडीवर डोकं ठेवून होत्या. घामाने केस कपाळाला चिकटलेले. यज्ञेश बोटाने त्यांच्या गालाच्या आतून साखर चोळत होता. समोरच्या इमारतीतल्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी शिरेतून ग्लुकोज दिलं. चारएक मिनिटांनी बाईंनी डोळे उघडले. "नांदी झाली का?" असं विचारलं. यज्ञेश एकदम हुंदके देऊन रडायला लागला. मीही.

आता लोकांना राजारामला डोक्यावर घ्यायचं होतं. कुणी हार आणायला धावलं, प्रमुख पाहुण्यांच्या हातून सत्कार करू म्हणालं. राजारामने मनगटाला रुमाल बांधला आणि सांगितलं, की लिफ्ट का थांबली ते सापडेपर्यंत ती बंद राहील. दहा मिनिटांत हवा पालटली. सातव्या मजल्यावर एकांकडे पन्नास माणसांचं जेवण होतं. पाहुण्यांचे गुडघे दुखत होते. "अरे, मजल्याला लागली ना आता, फ्यूज घाल आणि चालव," असं तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेगवेगळ्या सुरांत सांगून पाहिलं. हार कुणाच्या तरी खुर्चीवर राहिला. राजाराम विजेरी घेऊन खाली खड्ड्यात उतरला आणि जेवणाची पातेली जिन्यावरून वर जाऊ लागली. नेणारे त्याच्या नावाने काय बोलत होते, ते लिहिण्यासारखं नाही.

कार्यक्रम बारा वाजता उरकला. मी भाषण केलं नाही. अभिमन्यूचा उतारा तेवढा म्हटला, मुलं वाट बघत होती म्हणून. अभिमन्यू मला अजून प्रिय आहे, खोटं कशाला बोलू? पण त्याच्या गोष्टीवर पडदा पडतो. त्याला दुसऱ्या दिवशी उठून त्याच लोकांच्या शिव्या खात तेच काम करावं लागत नाही. आणि त्या उताऱ्यात चक्रव्यूहाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या मोठ्यांच्या ओळी म्हणताना माझी जीभ अडखळली. त्यांच्यातला एक त्या सकाळी मी होतो.

दोष सापडला साडेचार वाजता. सहाव्या मजल्याच्या जाळीच्या कडीचा एक भाग झिजला होता; कडी जरा सैल झाली की लिफ्ट जागच्या जागी थांबते. राजारामने तो बदलला, फ्यूज बसवला, मग रिकामी लिफ्ट तीनदा वरखाली नेली. डॉक्टरीणबाईंनी जिना चढायचा नाही असं बजावल्यामुळे रत्नाबाई तोवर चौथ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे होत्या. आम्ही त्यांना लिफ्टपाशी आणलं. राजारामने दोन्ही जाळ्या सरकवल्या. बाई उंबऱ्याशी आल्या आणि थांबल्या.

"चला मावशी," यज्ञेश म्हणाला. "बऱ्या आहात ना?"

"मी ठीक आहे," बाई म्हणाल्या. आवाजाने पूर्ण जिना भरून गेला.

राजाराम त्यांच्या पायांकडे बघत होता. पाय हलले नव्हते. "मावशी, खरं सांगा," तो म्हणाला.

मग एक आवाज आला, बारीक, चिरका, म्हातारीचा. पन्नास वर्षांत मी तो ऐकला नव्हता.

"भीती वाटते रे."

"मग थांबू," राजाराम म्हणाला, आणि लिफ्ट तशीच उघडी ठेवून पायरीवर बसला. बाई माझा हात धरून त्याच्या शेजारी टेकल्या. वर सातव्या मजल्यावर पंगत उठली होती. खाली उतरणारी माणसं लिफ्टसाठी जाळी वाजवत होती, नावं घेऊन हाका मारत होती. राजाराम उठला नाही. यज्ञेश तेवढा जिन्यातून वर गेला, त्यांना चालत या म्हणून सांगायला.